ध्वनिफितीकडे परत जाणारा भाषाशास्त्रज्ञ: जॉन गंपर्झ यांचे आयुष्य आणि काम

विचारलेला प्रश्न असा आहे: दोन माणसांना एकच भाषा उत्तम येत असली, तरी ती वेगवेगळ्या समाजांत वाढलेली असली की त्यांच्यात वारंवार गैरसमज का होतात, आणि या विषयाची चर्चा निघाली की जॉन गंपर्झ हे नाव हमखास का येते? त्यांच्या कामाचा आज प्रत्यक्ष व्यवहारात काय उपयोग होतो, हेही विचारले आहे. परराज्यांतून आलेल्या बँक आणि रुग्णालय कर्मचाऱ्यांना मी गेली अनेक वर्षे मराठी शिकवते, आणि माझ्या शिकवण्याची पद्धत ज्या एका अभ्यासकामुळे मुळापासून बदलली ते गंपर्झच आहेत. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देते.

आधी एक छोटे उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचे सगळे कशाबद्दल आहे ते कळेल. मराठी माणूस हिंदी बोलताना अनोळखी वडीलधाऱ्या ग्राहकाला सहज म्हणतो, ‘तुम इधर बैठो, ये फॉर्म भरो.’ त्याच्या मनात मराठीतले ‘तुम्ही’ असते. ‘तुम्ही’ला जवळचा दिसणारा हिंदी शब्द ‘तुम’, म्हणून तो तोच वापरतो, आणि आपण पूर्ण आदराने बोललो असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. उत्तर प्रदेशातून आलेल्या ग्राहकाला मात्र त्या ठिकाणी ‘आप’ अपेक्षित असते. ‘तुम’ ऐकताच तो मनात नोंद करतो की हा माणूस उद्धट आहे. या माणसाचे हिंदी कच्चे आहे, अशी नोंद तो करत नाही. व्याकरणाची चूक ऐकली की आपण समोरच्याचे भाषाज्ञान जोखतो, पण सूर, संबोधन, विराम किंवा बोलण्याचा क्रम यांत फरक पडला की आपण त्याचा स्वभाव जोखतो. गंपर्झ यांच्या साठ वर्षांच्या संशोधनाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर तो हाच आहे. हा निष्कर्ष त्यांनी नुसत्या तर्काने काढलेला नव्हता, तर खेड्यांत, कारखान्यांत आणि कार्यालयांत ध्वनिमुद्रणे करून, ती पुन्हा पुन्हा ऐकून आणि बोलणाऱ्यांना ऐकवून काढलेला होता.

गंपर्झ यांचा जन्म ९ जानेवारी १९२२ रोजी जर्मनीतील हाटिंगेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव हान्स-योझेफ. नाझी राजवटीत ज्यू मुलांना शिक्षणाची दारे बंद होत गेली आणि या मुलाला देश सोडावा लागला. १९३९ मध्ये तो अमेरिकेत पोहोचला. पुढे त्याने सिनसिनाटी विद्यापीठातून पदवी घेतली ती रसायनशास्त्राची. पदव्युत्तर शिक्षणासाठी मिशिगन विद्यापीठात गेल्यावर त्याला भाषाशास्त्राची गोडी लागली आणि त्याने विषयच बदलला. १९५४ साली पूर्ण झालेला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध मिशिगन राज्यातील वॉशटेनॉ परगण्यात स्थायिक झालेल्या, जर्मनीतील स्वाबियन बोली बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबांच्या भाषेवर होता. स्वतः देशांतर केलेल्या माणसाने देशांतर केलेल्यांच्या बोलीपासून सुरुवात करावी, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. ज्याची मातृभाषाच एके काळी त्याला परके ठरवणाऱ्यांची भाषा झाली, त्याला भाषा म्हणजे केवळ शब्द आणि नियम असे वाटणे शक्यच नव्हते.

त्यानंतरचा टप्पा भारताचा. कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रामीण अभ्यास प्रकल्पासाठी गंपर्झ १९५४ ते १९५६ या काळात भारतात होते आणि उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यातल्या खालापूर या गावात राहिले. याच सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने आधुनिक भाषाशास्त्राचे वर्ग सुरू झाले होते, आणि भारतीय भाषांच्या अभ्यासाला नवे वळण देणारी भारतीय आणि परदेशी मंडळी तिथे एकत्र येत होती. गंपर्झ यांचाही त्या वर्तुळाशी संबंध आला. चार्ल्स फर्ग्युसन यांच्यासह त्यांनी १९६० साली दक्षिण आशियातील भाषिक विविधतेवर जो ग्रंथ संपादित केला, त्याची पाळेमुळे याच काळात आहेत.

खालापूरच्या अभ्यासाकडे आज पुरेसे लक्ष दिले जात नाही, याचे मला वाईट वाटते, कारण पुढचे सगळे तिथूनच उगवले. सुमारे पाच हजार वस्तीच्या या गावात ३१ जाती होत्या. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात गंपर्झ यांनी दाखवले की सवर्ण मानल्या जाणाऱ्या जातींच्या आणि मुसलमानांच्या बोलीत फारसा फरक नव्हता, पण ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्या जातींची बोली उच्चारांत स्पष्टपणे वेगळी राहिली होती. त्या काळच्या भाषाशास्त्रात असे धरले जाई की माणसांचा परस्परांशी संबंध जितका अधिक, तितकी त्यांची भाषा एकसारखी होत जाते. खालापुरात नेमके उलट दिसत होते. दलित कुटुंबांतली माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत राजपूत घरांत आणि शेतांवर राबत होती, दोन्ही बाजूंचा रोज शेकडो वेळा शब्दांनी संबंध येत होता, आणि तरीही बोली जवळ येत नव्हत्या. गंपर्झ यांनी याचे उत्तर असे काढले की बोलण्याची संख्या महत्त्वाची नसून बोलण्याचा प्रकार महत्त्वाचा असतो. हुकूम देणे आणि हुकूम झेलणे याही संभाषणाच्याच घटना आहेत, पण त्यांतून भाषा एक होत नाही. ती एक होते ती मुले एकत्र खेळतात तेव्हा, आणि माणसे बरोबरीच्या नात्याने गप्पा मारत बसतात तेव्हा. अस्पृश्यतेच्या भिंतीने नेमके हेच बंद केले होते.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल असा त्यांचा अभ्यास मात्र सांगली जिल्ह्यातला आहे. आज सांगली-मिरज-कुपवाड या महानगरपालिकेच्या नावात जे कुपवाड आपण ऐकतो, ते साठच्या दशकात सुमारे तीन हजार वस्तीचे, कर्नाटकाच्या सीमेपासून काही मैलांवर वसलेले गाव होते. रॉबर्ट विल्सन यांच्यासह गंपर्झ यांनी या गावातल्या भाषांवर १९७१ साली प्रसिद्ध केलेला निबंध जगभरातल्या भाषासंपर्काच्या अभ्यासक्रमांत आजही शिकवला जातो. गावातले जैन आणि लिंगायत घरात कानडी बोलत, मुसलमान उर्दू बोलत, दलित आणि इतर भूमिहीन मजूर मराठी बोलत, आणि दोर वळणारी काही तेलुगू कुटुंबेही होती. या भाषा शतकानुशतके शेजारी नांदत होत्या आणि गावातले बहुतेक पुरुष दिवसभरात दोन-तीन भाषांत सहज व्यवहार करत होते.

गंपर्झ आणि विल्सन यांनी तिन्ही प्रमुख भाषांतली वाक्ये एकाखाली एक मांडली. मराठी वाक्य होते, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ गावातल्या उर्दूत तेच ‘पाला जरा काट के ले के आया’ असे होते, आणि कानडी वाक्यातही घटकांचा क्रम तोच, ‘जरा’ हा शब्दही तोच. बदलत होते ते फक्त शब्दांचे बाह्यरूप. मराठी आणि उर्दू एका भाषाकुळातल्या, कानडी पूर्णपणे दुसऱ्या. तरीही एका भाषेतल्या वाक्यातला प्रत्येक घटक उचलून त्याच्या जागी दुसऱ्या भाषेतला ठेवला की वाक्य तयार. लिंगव्यवस्थेतही हेच घडले होते. कानडीत माणसांपलीकडच्या सर्व वस्तू नपुंसकलिंगी असतात. कुपवाडच्या मराठीने ती व्यवस्था स्वीकारलेली होती, त्यामुळे पूर आल्याचे सांगताना आपण जिथे ‘नदी आली’ म्हणतो, तिथे कुपवाडकर ‘नदी आलं’ म्हणत. शाळेत असे वाक्य लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ पडते. गंपर्झ यांच्या निबंधात तेच वाक्य अनेक पिढ्यांच्या शेजाराचा पुरावा ठरते.

यातून एक खरा प्रश्न उभा राहतो. व्याकरण इतके एक झाले होते, तर मग एकच भाषा का उरली नाही? गंपर्झ यांचे उत्तर असे की घरातली भाषा ही जातीची आणि धर्माची ओळख होती. रोटी-बेटी व्यवहार जिथे वेगळे, तिथे प्रत्येक गटाला आपल्या घरच्या भाषेचे शब्द आणि प्रत्यय राखणे भाग होते. त्याच वेळी शेतात आणि बाजारात रोज एकमेकांशी काम पडत असल्याने, भाषा बदलताना मेंदूवर पडणारा भार कमी करणेही गरजेचे होते. म्हणून वरची खूण वेगळी राहिली आणि आतला सांगाडा एक झाला. गावातल्या बलवान जमीनदार गटांपैकी कोणाचीही मराठी ही घरची भाषा नव्हती. नेमक्या याच कारणाने ती सर्वांना सामायिक व्यवहारासाठी चालत होती. कानडी बोलणाऱ्याने उर्दू बोलणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणे म्हणजे त्याच्या अंगणात शिरणे, पण मराठीत बोलणे म्हणजे चावडीवर भेटणे. ही शेवटची उपमा माझी आहे, विचार त्यांचा.

पुढे डेक्कन कॉलेजातील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतर कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला आणि मूळ निष्कर्षांची चिकित्सा केली. भाषावार प्रांतरचना, मराठी शाळा आणि शहरीकरण यांनी गावातल्या भाषांचा तोल बदलून टाकला आहे. राज्याची भाषा झालेली मराठी आता ‘कोणाचीच नसलेली’ भाषा राहिलेली नाही. मूळ निबंध वाचणाऱ्याने हा दुसरा अभ्यास सोबत वाचलाच पाहिजे, नाहीतर कुपवाड म्हणजे काळात गोठलेले गाव असा समज होतो.

भारतातून परतल्यावर १९५६ मध्ये गंपर्झ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत हिंदी शिकवण्यासाठी रुजू झाले आणि पुढे तिथेच मानवशास्त्राचे प्राध्यापक झाले. डेल हाइम्स यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये एका प्रमुख मानवशास्त्रीय नियतकालिकाचा विशेषांक संपादित केला आणि त्यातून ‘संज्ञापनाचा लोकवृत्तान्त’ म्हणता येईल अशी अभ्यासशाखा उभी राहिली. या शाखेची मूळ भूमिका अशी की भाषेचा अभ्यास एकेका भाषेपासून सुरू न करता माणसांच्या समुदायापासून सुरू करावा, आणि त्या समुदायाजवळ बोलण्याच्या किती रीती आहेत, त्यांतली कोणती कधी आणि कोणापुढे वापरली जाते हे पाहावे.

नॉर्वेतील हेम्नेसबर्गेट या लहानशा गावी यान-पेटर ब्लोम यांच्यासह केलेला त्यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातली माणसे स्थानिक बोली आणि प्रमाण नॉर्वेजियन अशी दोन्ही रूपे वापरत. कचेरीत आलेला माणूस कारकुनाशी कामाचे बोलताना प्रमाण रूप वापरी आणि घरच्यांची चौकशी करताना बोलीवर येई. प्रसंग तोच, माणसे तीच, पण नाते क्षणापुरते बदलले आणि ते बदलल्याची खूण भाषा बदलून दिली गेली. याला त्यांनी रूपकात्मक भाषापालट म्हटले. माझ्या दृष्टीने मात्र या अभ्यासातला सर्वांत बोलका भाग दुसराच आहे. शहरात शिकणारी काही तरुण मंडळी सुटीत गावी आली होती आणि आपण गावी फक्त बोलीच बोलतो अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या गप्पांचे ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवले, तेव्हा विद्यापीठातले विषय निघताच आपण प्रमाण रूपाकडे झुकत होतो हे ऐकून ती अस्वस्थ झाली. आपण काय बोलतो हे आपल्याला ऐकू येत नाही; आपल्याला फक्त आपला हेतू ऐकू येतो. नंतरच्या नॉर्वेजियन अभ्यासकांनी बोली आणि प्रमाण रूप इतकी स्वच्छ वेगळी होती का याबद्दल शंका घेतली आहे आणि ती शंका रास्त आहे, पण ध्वनिफीत ऐकणाऱ्या त्या तरुणांचा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी येते. सत्तरच्या दशकात ब्रिटनमधल्या कारखान्यांत आणि सेवांमध्ये भारत-पाकिस्तानातून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते. लंडनजवळच्या साउथॉल येथे औद्योगिक भाषाप्रशिक्षणाचे काम करणाऱ्या टॉम जप आणि सीलिया रॉबर्ट्स यांच्याबरोबर गंपर्झ यांनी काम सुरू केले. त्यातूनच ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम तयार झाला आणि १९७९ मध्ये बीबीसीने तो दाखवला. या काळातले त्यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका मोठ्या ब्रिटिश विमानतळावरच्या कर्मचारी उपाहारगृहातले आहे. तिथे भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया नव्याने वाढपाच्या कामावर लागल्या होत्या. मालाची चढउतार करणारे कामगार आणि त्यांच्या वरिष्ठ बायका या दोघांचीही तक्रार होती की या स्त्रिया तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत. बोलणे तर फारच थोडे होत असे. ताटात मांस वाढले की त्यावर ग्रेव्ही हवी का, एवढेच विचारायचे. ब्रिटिश वाढपीण तो एकच शब्द सूर वर नेऊन उच्चारी: ‘ग्रेव्ही?’ या स्त्रिया तोच शब्द सूर खाली आणत उच्चारत: ‘ग्रेव्ही.’ इंग्रज कानाला पहिला उच्चार विचारणा वाटे, तर दुसरा ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असा वाटे.

गंपर्झ यांनी ही बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि दोन्ही बाजूंना एकत्र बसवून ऐकवली. सुरुवातीला त्या स्त्रिया म्हणाल्या की आम्हीही तोच शब्द बोलतो, मग फरक काय? त्यांच्या दृष्टीने त्या क्षणी तो शब्द उच्चारण्याची ती सरळ, सभ्य रीत होती. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेने आणि वरिष्ठांनी त्या सुराचा ब्रिटिश कानावर होणारा परिणाम सांगितला, तेव्हा त्यांना तोवर न उलगडलेल्या अनेक गोष्टींचा उलगडा झाला, कारण आपल्याशी लोक तुटक का वागतात हे त्यांनाही कळत नव्हते आणि आपल्याशी भेदभाव होतो असा त्यांचा समज पक्का होत चालला होता. वरिष्ठांच्या बाजूनेही त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलली. येथे लक्षात घेण्यासारखे हे की दोन्ही बाजूंनी काढलेला निष्कर्ष स्वभावाबद्दलचा होता, आणि दोन्ही निष्कर्षांच्या मुळाशी एका शब्दाचा उतरता सूर होता.

गंपर्झ यांनी अशा खुणांना जे नाव दिले त्याला मराठीत आपण संदर्भसूचक खुणा म्हणू शकतो. सूर, आवाजाची पट्टी, गती, विराम, एका भाषेतून दुसरीत जाणे, संबोधन, मुद्दा आधी की पार्श्वभूमी आधी हा क्रम, अशा सर्व गोष्टी त्यांत येतात. शब्द काय सांगतात हे वाक्यातून कळते, पण हे बोलणे म्हणजे विनंती आहे, थट्टा आहे, तक्रार आहे की समारोप आहे, हे या खुणांवरून कळते. या खुणांना कोशात अर्थ नसतो. त्या आपण लहानपणापासून घरात, गल्लीत, मित्रमंडळींत नकळत शिकतो, म्हणून प्रौढपणी शिकलेल्या भाषेत शब्द नव्या भाषेचे आणि खुणा जुन्या भाषेच्या, अशी अवस्था येते. मराठीत ‘पाणी दे ना’ या वाक्यातला लडिवाळपणा ‘ना’ आणि सूर मिळून देतात; ‘कृपया’ची गरजच पडत नाही. तेच वाक्य इंग्रजीत शब्दशः गेले की ‘ना’ गळून पडतो, सूर परका ठरतो आणि उरतो तो कोरडा हुकूम.

दक्षिण आशियाई इंग्रजी आणि ब्रिटिश इंग्रजी यांतले काही फरक त्यांनी फार बारकाईने टिपले. आपल्याकडची माणसे बोलण्याची पाळी घेण्यासाठी किंवा मुद्द्यावर भर देण्यासाठी आवाज चढवतात. ब्रिटिश श्रोत्याला तो राग वाटतो. आपण आधी सगळी पार्श्वभूमी सांगतो आणि मुद्दा शेवटी मांडतो, कारण कारण न सांगता मागणी करणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. ब्रिटिश श्रोता मुद्दा सुरुवातीला ऐकायला बसलेला असतो, म्हणून मधल्या वेळात तो कंटाळतो किंवा या माणसाला सांगायचेच काही नाही असे ठरवून टाकतो. ‘क्रॉसटॉक’मधल्या एका मुलाखतीत ग्रंथपालाच्या पदासाठी आलेल्या दक्षिण आशियाई उमेदवाराला विचारले जाते की हीच नोकरी तुम्हाला का हवी आहे. प्रश्नामागची अपेक्षा अशी की त्याने या संस्थेबद्दल आणि स्वतःच्या आवडीबद्दल बोलावे. तो प्रश्न अक्षरशः घेतो आणि आपण आजवर किती ठिकाणी अर्ज केले ते सांगू लागतो. त्याचे उत्तर खरे आहे, इंग्रजीही चांगले आहे, पण त्या खोलीत त्याची नोकरी त्याच क्षणी दूर गेलेली असते.

१९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या ग्रंथात या सगळ्या कामाची सैद्धान्तिक मांडणी आहे. त्यातले एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते, कारण ते दोन देशांचे नसून एकाच देशातले, किंबहुना एकाच समाजातले आहे. एक कृष्णवर्णीय अमेरिकन विद्यार्थी सर्वेक्षणासाठी एका कृष्णवर्णीय वस्तीतल्या गृहिणीची मुलाखत घ्यायला जातो. दार नवरा उघडतो आणि खास त्यांच्या बोलीत, थोड्या मिश्किलपणे विचारतो की तू माझ्या बायकोची चौकशी करायला आलास का. ती त्याची आपलेपणाची परीक्षा असते. विद्यार्थी मात्र कार्यालयीन इंग्रजीत उत्तर देतो की मी फक्त थोडी माहिती घ्यायला आलो आहे. मुलाखत होते, पण अवघडलेली आणि त्रोटक. विद्यार्थ्याला स्वतःलाच नंतर कळते की आपण त्याच बोलीत, त्याच सुरात उत्तर द्यायला हवे होते. म्हणजे सामायिक वंश किंवा सामायिक भाषा पुरेशी नसते. खुणेला खुणेने उत्तर देणे हीच आपलेपणाची कसोटी ठरते. सोलापूर, नागपूर आणि पुणे येथे वाढलेल्या तीन मराठी माणसांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या कामावर टीकाही झाली, आणि ती टीका वाचल्याशिवाय गंपर्झ यांचा वारसा नीट कळत नाही. राजेंद्र सिंग, जयंत लेले आणि गीता मार्टोहार्डजोनो यांनी १९८८ मध्ये, आणि त्यानंतर थिरु कांडिया यांनी १९९१ मध्ये, असा आक्षेप घेतला की वंशभेद, वसाहतवादाचा इतिहास आणि सत्तेची विषमता या खऱ्या रोगाकडे दुर्लक्ष करून हे अभ्यासक संभाषणातल्या लक्षणांवर बोट ठेवतात. उपाहारगृहातल्या स्त्रियांनीच सूर बदलायचा, कामगारांनी मात्र कान बदलायचा नाही, हे कोणी ठरवले? लेले हे मूळचे महाराष्ट्रातले राज्यशास्त्रज्ञ. त्यांच्या या प्रश्नाला मी कधीही टाळू शकलेले नाही. माझे मत असे की हा आक्षेप गंपर्झ यांच्यापेक्षा त्यांच्या नावाने प्रशिक्षण देणाऱ्या अनेकांना अधिक लागू पडतो. नोकरी, परवाना, शाळेतला प्रवेश किंवा न्यायालयातली साक्ष अशा भेटींत एका बाजूच्या हाती निर्णय असतो, आणि त्या बाजूचा अंदाज चुकला तरी किंमत दुसऱ्या बाजूने मोजायची असते, हे गंपर्झ यांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी अशाच भेटी अभ्यासासाठी निवडल्या. खालापुरातल्या पहिल्या निबंधापासून विषमता त्यांच्या नजरेसमोर होती. तरीही एवढे मान्य केले पाहिजे की ब्रिटनमधल्या लेखनात वंशद्वेष हा स्वतंत्र घटक म्हणून जितक्या ठळकपणे यायला हवा होता तितका तो आलेला नाही. सुराचा फरक समजावून दिल्यावरही ज्याला ऐकायचेच नसते, तो ऐकत नाही.

आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणाच्या नावाखाली आज जे चालते त्याबद्दलही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. जपानी माणूस असा, जर्मन माणूस तसा, भारतीय सामूहिक वृत्तीचा, अमेरिकन व्यक्तिवादी, अशी देशवार कोष्टके शिकवून दोन दिवसांत माणसे तयार केली जातात. गंपर्झ यांची पद्धत याच्या नेमकी विरुद्ध आहे. त्यांच्याकडे संस्कृती ही माणसाच्या अंगावर चिकटवलेली चिठ्ठी नाही; ती त्या क्षणी, त्या संभाषणात, त्या विरामात घडताना पाहायची असते. कोष्टक शिकलेला माणूस समोरच्याचे ऐकणे थांबवतो, कारण तो काय बोलणार हे त्याला आधीच माहीत झालेले असते.

त्यांच्या वर्तुळातून पुढे आलेल्या अभ्यासकांचा विस्तार मोठा आहे. शिष्टाचाराच्या भाषेचा सिद्धान्त मांडणारे पेनेलोपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन, स्त्री-पुरुषांच्या बोलण्यातले फरक सामान्य वाचकांपर्यंत नेणाऱ्या डेबरा टॅनन आणि कॅनडातील द्विभाषिक समाजांवर काम करणाऱ्या मोनिका हेलर हे सर्व बर्कलीत घडले. सीलिया रॉबर्ट्स यांनी ब्रिटनमध्ये नोकरीच्या मुलाखतींचा अभ्यास पुढे अनेक वर्षे चालू ठेवला. लेव्हिन्सन यांच्यासह गंपर्झ यांनी १९९६ मध्ये भाषा आणि विचार यांच्या नात्यावर नव्याने विचार करणारा ग्रंथ संपादित केला. पत्नी आणि सहसंशोधक जेनी कुक-गंपर्झ यांच्याबरोबर त्यांनी शाळेतल्या संभाषणावरही महत्त्वाचे काम केले. निवृत्तीनंतर ते सांता बार्बरा येथे राहत होते आणि तिथेच २९ मार्च २०१३ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

उपयोगाचे विचारले आहे, म्हणून माझ्या वर्गात मी काय करते ते सांगते. शिकणाऱ्यांच्या खऱ्या संभाषणाचे, त्यांची आणि समोरच्याची संमती घेऊन, दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करायचे. मग ते तीनदा ऐकायचे: पहिल्यांदा शब्दांसाठी, दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त सुरासाठी आणि विरामांसाठी, आणि तिसऱ्यांदा बोलणाऱ्या दोघांना बरोबर घेऊन. तिसऱ्या वेळी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: या ठिकाणी समोरच्याबद्दल तुमचे काय मत झाले, आणि ते नेमके कोणत्या क्षणी झाले? केरळमधून आलेल्या एका परिचारिकेच्या आणि तिच्या मराठी रुग्णाच्या संभाषणात रुग्णाने ज्या क्षणावर बोट ठेवले तो अर्ध्या सेकंदाचा विराम होता. ती मनात मराठी वाक्य जुळवत होती आणि त्याला वाटले होते की तिला उत्तर द्यायचे नाही. त्यानंतर त्याने आपले प्रश्न हळू विचारायला सुरुवात केली आणि ती ‘थांबा हं, सांगते’ हे दोन-तीन शब्द शिकली. बदल दोघांनी केला, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

वाचनाला सुरुवात करायची असेल तर ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’पासून करू नका, ते दाट पुस्तक आहे आणि पहिल्या प्रकरणातच वाचक थकतो. आधी कुपवाडचा निबंध वाचा. त्यातली मराठी वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा, आणि शक्य झाले तर सांगली-मिरज भागातल्या एखाद्या कानडी किंवा उर्दू बोलणाऱ्या कुटुंबातल्या वयस्कर माणसाला ती ऐकवून, तुमच्या घरात हेच कसे म्हणतात असे विचारा.